वीस मिनिटं

आमच्या शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांसमोर आला तो जिन्याखालच्या व्हरांड्यातला लाकडी बाक. गॅदरिंग, क्रीडा महोत्सव, सहली हे सगळं नंतर आठवलं. त्याबद्दल माझे वर्गमित्र लिहितीलच. मी त्या बाकाबद्दल लिहितो.

मी १९७८ च्या दहावीचा. त्याच वर्षी तलावपाळीला गडकरी रंगायतन सुरू झालं, त्यामुळे ते साल जुन्या ठाणेकरांच्या चांगलं लक्षात असतं. आम्ही कोपरीत राहायचो. शाळा सकाळची, सात-दहाला घंटा. आठवीच्या पहिल्या चाचणीत वर्गातले आम्ही चौघे गणितात आपटलो. पेपर वाटून झाल्यावर गणिताच्या बाईंनी चौघांना थांबवून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून पावणेसातला यायचं."

बाई डोंबिवलीहून लोकलने यायच्या. शाळेचं मोठं फाटक त्या वेळी उघडलेलं नसायचं, शिपाईकाका बाजूचं लहान दार उघडून द्यायचे. बाई बाकाच्या टोकाला बसायच्या, पर्समधून पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही काढायच्या आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काल कुठे अडलं?" माझं समीकरणात अडायचं. पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं, हे पाठ होतं, पण का बदलतं ते कळत नव्हतं, म्हणून कधी बदलायचं आणि कधी नाही यात गोंधळ व्हायचा. बाईंनी वहीच्या कागदावर तराजू काढला. म्हणाल्या, "पलीकडे काही नेऊच नकोस. एका पारड्यातून तीन काढलेस ना, मग दुसऱ्यातूनही तीन काढ." तो तराजू काढायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. सात-पाचला वही पर्समध्ये जायची आणि बाई उठायच्या, पाच मिनिटांत प्रार्थनेची रांग लागायची. वीस मिनिटं, रोज. फी नाही. त्या वीस मिनिटांचा त्यांनी आम्हाला कधी उपकार म्हणून उल्लेख केला नाही, आणि आमच्या घरी तर त्याबद्दल वर्षभर कुणाला माहीतही नव्हतं. आईला वाटायचं, शाळाच पावणेसातची आहे.

याच बाईंकडे आमच्या वर्गाचा भूगोलही होता. रेखावृत्तांचा धडा त्यांनी फळ्यावर शिकवला नाही. डिसेंबरच्या शेवटी एके दिवशी शाळा सुटल्यावर सगळ्यांना मैदानात नेलं, एक सरळ काठी जमिनीत रोवली आणि सावलीच्या टोकाला दर पाच मिनिटांनी खडा ठेवायला सांगितला. आमची समजूत अशी, की सूर्य बाराला डोक्यावर येतो, म्हणजे बारा केव्हाच होऊन गेले, आता सावली वाढतच जाणार. सावली वाढेना. उलट आखडत गेली आणि घड्याळात बारा वाजून पस्तीस-चाळीस मिनिटं झाली तेव्हा सगळ्यात आखूड झाली. मग बाईंनी हिशेब करून घेतला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची, ते जातं मिर्झापूरजवळून. ठाणं त्र्याहत्तरच्या आसपास. फरक साडेनऊ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे अडतीस मिनिटं. पूर्वी मुंबईची वेळ खरोखर वेगळी होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला होता. पूर्वी गावोगावची वेळ आपापली असायची आणि कुणाचं अडत नव्हतं. पण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला गाडी आली, पुढे रूळ वाढत गेले, मग लांबलांबच्या गावांना एकाच वेळेवर चालणं भाग पडलं.

एका मुलाने विचारलं, मग बाई, खरे बारा कुठले? बाई म्हणाल्या, "सूर्य बारा वाजवत नाही रे. आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय, या क्षणाला बारा म्हणायचं. सात-दहाला येतो असं तू म्हणतोस, तेव्हा तू घड्याळाला नाही, इथे उभ्या असलेल्या माणसाला शब्द देतोस." त्या वेळी मला एवढंच कळलं, की उशीर केला तर बाईंना वाईट वाटेल. बाकीचं कळायला पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली, आणि ती वर्षं योगायोगाने घड्याळासमोरच गेली.

बी.कॉम. होता होता वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी खात्याला, चिकटलो. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. मी लागलो तेव्हा तीन पाळ्यांत धडधडत होती. फर्स्ट शिफ्ट सात ते तीन. भोंगा व्हायचा आणि पाच मिनिटांत अडीचशे माणसं पंचिंगच्या घड्याळासमोरून जायची. कार्ड खाचेत घालायचं, दांडा दाबायचा, खाट् आवाज आणि निळा आकडा. सात-पाचनंतर लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कापायचा. आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांच्या आत अर्धा तास सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, हा १९४८ चा फॅक्टरी अॅक्ट मला तोंडपाठ होता. माणसाच्या वेळेला कायद्याने किंमत बांधून दिली आहे आणि ती लिहून ठेवण्याचं काम आपलं आहे, याचा मला अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

टाइम ऑफिसच्या काचेमागे बसून माणसं फार जवळून बघायला मिळाली. उशिरा येणारा कारण सांगतो, लवकर येणारा काही सांगत नाही. जो स्वतःच्या पाच मिनिटांसाठी भांडतो, तोच कँटीनच्या रांगेत मागच्या वीस जणांना थांबवून बोलत उभा राहतो. आपली वेळ आपल्याला मोजता येते. दुसऱ्याची वेळ मात्र हवेसारखी वाटते, कितीही घ्या, संपत नाही. केबिनबाहेर कामगाराला तासभर ताटकळत ठेवणारे अधिकारी मी पाहिले आणि मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून तेच ओरडतानाही पाहिले. ते दुष्ट नव्हते. बाहेरच्या माणसाचाही एक दिवस असतो, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

मलाही दाखवावं लागलं. आमच्याकडच्या एका वॉचमनचा आजारपणात मृत्यू झाला. त्याची बायको प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मसाठी मुंब्र्याहून यायची. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, सही व्हायची आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी शिक्का राहिला होता, उद्या या. तिसऱ्या दिवशी ती आली ती लहान मुलीला घेऊन, आणि बाकावर बसली. मुलगी झोपली तिच्या मांडीवर. मी सहज विचारलं, मुलीला कशाला आणलंत? ती म्हणाली, "शेजारीण दोन दिवस सांभाळत होती. आज तिलाही कामाला जायचं होतं. माझे तर दोन दिवसांचे खाडे झालेच." ती धुणंभांडी करायची. माझ्या दोन "उद्या या"नी तिचे दोन रोज गेले होते आणि एका शेजारणीची दोन दिवसांची घडी मोडली होती. यातलं काहीच माझ्या मस्टरवर नव्हतं. तो फॉर्म मी त्या दिवशी स्वतः टेबलाटेबलावर फिरवला, पाऊण तासात पूर्ण झाला. पाऊण तासाचंच काम होतं ते. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत समोर आलेला माणूस कागद पूर्ण झाल्याशिवाय परत पाठवायचा नाही, हे मी पाळलं. दोन-चार वेळा नाही जमलं, ते दिवसही आठवतात.

आता एका टर्नरबद्दल, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचा तुकडा (आमच्या भाषेत जॉब) फिरवून कातणाऱ्या कारागिराबद्दल. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, कळव्याहून यायचा. महिनाअखेरीला कार्डं तपासताना दिसलं, की गेला महिनाभर हा माणूस तीनला सुटूनही तीन-वीसला पंच करतोय. रोज. मला वाटलं, ओव्हरटाइम लाटायचा बेत आहे. मी त्याला बोलावलं, आणि दारात पाचसहा जण उभे असताना चढ्या आवाजात विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ओव्हरटाइम लावू नका. सेकंड शिफ्टला माझ्या लेथवर नवा पोरगा आलाय. जॉब सेंटरला लावताना त्याचा हात थरथरतो. घाबरून टूल मोडेल, जॉब रिजेक्ट होईल, मग काढतील त्याला. म्हणून जरा थांबतो."

मी उठून शॉपमध्ये गेलो. तीन वाजून गेले होते. पोरगा लेथच्या चकवर, म्हणजे पकडीत, जॉब बांधत होता, मागे हा उभा. हात लावत नव्हता, फक्त सांगत होता. "घाई नको. फिरव. आता डायल बघ. कुठे जास्त दाखवतोय? तिथेच सैल कर." डायलचा काटा डोलायचा आणि दर फेरीला थोडा कमी डोलायचा. शेवटी काटा जवळजवळ स्थिर राहिला तेव्हा पोराने मागे वळून पाहिलं. त्या टर्नरने मान हलवली, डबा उचलला आणि चालू लागला. तीन-वीस.

मला तिथे, त्या तेलकट फरशीवर, व्हरांड्यातला बाक आठवला. काल कुठे अडलं? इतकी वर्षं तो बाक मी विसरून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी, काल दारात जे जे उभे होते त्यांच्यासमोरच, मी त्याची माफी मागितली. तो इतका संकोचला की मलाच थांबावं लागलं.

त्या रात्री ओव्हरटाइमच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला. वीस मिनिटं, वर्षाला शाळेचे दोनशे दिवस धरले तर चार हजार मिनिटं. म्हणजे सुमारे सदुसष्ट तास. आठ तासांच्या आठ पाळ्या भरून वर थोडं उरतं. एवढं बाईंनी आम्हा चौघांना एका वर्षात दिलं होतं. कायद्याने दुप्पट दर लावायचा झाला तर सोळा रोजांचा पगार. तो कागद मी जपून ठेवला.

वागळे इस्टेटमध्ये आता जिथे तिथे काचेच्या इमारती आहेत, भोंगे कधीच थांबले. आमची कंपनीही बंद झाली. निवृत्तीनंतर सकाळी तलावपाळीला फेरी मारतो, मग मराठी ग्रंथसंग्रहालयात पेपर वाचतो. १८९३ पासूनची ती संस्था, तिथे बसलं की बरं वाटतं. सोबतीचे लोक म्हणतात, वेळ जात नाही. त्यांची मुलं म्हणतात, वेळ मिळत नाही. दोन्ही वाक्यं एकाच घरातून येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी सातवीत आहे. ती पावणेसातला येते. अपूर्णांकात अडते.

गेल्या दिवाळीत बाईंना भेटून आलो, डोंबिवलीला. आता सत्तरीच्या पुढे आहेत, दृष्टी थोडी कमी झाली आहे. बाकाबद्दल बोललो, टर्नरबद्दल सांगितलं, आणि तो जुना कागद त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावला, पेन्सिल मागवली.

"दोनशे दिवस कुठून आणलेस? पहिल्या चाचणीनंतर सुरुवात केली होती आपण. सहामाहीचे दिवस वजा कर. आणि पावसात गाड्या बंद पडायच्या, तेव्हा मी पोचायचेच नाही." त्यांनी माझा आकडा खोडला, खाली दीडशे लिहिले, गुणाकार करून पन्नास तास मांडले आणि त्याखाली रेघ ओढली. कागद परत माझ्या हातात देता देता थांबल्या.

"आणि तो पोरगा? त्याला जमलं का रे पुढे?"

जमलं, म्हणालो. कंपनी बंद होईपर्यंत तो लेथ त्याच्याकडेच होता. शेवटची काही वर्षं त्याचंही कार्ड अधूनमधून तीन-वीसचं यायचं.

बाईंनी पुन्हा कागद मागून घेतला.