ऐकू आलं नाही, तर जागा मोकळी सोडा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात मेथीची जुडी हातात धरून दोन मिनिटांत सांगून होणारं हे उत्तर नव्हे. तसं सांगून मी आजवर तिघी-चौघींना अर्धवट माहिती देऊन पाठवलंय, आणि ते मनाला लागून राहिलंय.

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "ताई, मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा क्लास लावलाय. आठवड्याला चार-पाच फाइली देतात ओ, त्या दोन दिवसांत संपत्यात. मग घरी प्रॅक्टिस कशाची करायची? आणि केलेलं बरोबर का चूक, हे सांगणार कोण?"

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डॉक्टर पेशंटला तपासतात, ऑपरेशन करतात, आणि काय पाहिलं, काय केलं ते बोलून रेकॉर्ड करतात. ते ऐकून त्याचा नीट मांडलेला रिपोर्ट करायचा, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन. आपल्याकडे येणारं पुष्कळसं काम अमेरिकेतलं. तिथला पूर्वकिनारा आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. त्यांचा दिवस तो आपला संध्याकाळ-रात्रीचा वेळ. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर बसून मी पंधरा वर्षं हे करते आहे, आणि गेली काही वर्षं नवीन मुलींचे रिपोर्ट तपासते आहे.

टायपिंगचं आधी बोलून संपवते. सगळ्या जणी स्पीडचंच विचारतात. इंग्लिश टायपिंगची ४०ची परीक्षा पास झाला असाल, तर सुरुवातीला तेवढं पुरतं. पैसे लाइनवर मिळतात, मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरांची एक लाइन, म्हणून पुढे स्पीड लागतो हे खरं. पण तो रोजच्या कामानं आपोआप वाढतो. कान आपोआप तयार होत नाही.

माझ्या ट्रेनिंगच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट सांगते. डिस्चार्ज समरी होती, म्हणजे पेशंटला घरी सोडतानाचा रिपोर्ट, आणि डॉक्टर भराभर बोलणारे. एका ठिकाणी शब्द आला, "हायप"च्या पुढचं विरून गेलं आणि "टेन्शन" तेवढं ऐकू आलं. मी हायपरटेन्शन लिहिलं आणि पुढे गेले. बीपीचे पेशंट रोजच असतात, त्यामुळे शंकासुद्धा आली नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट तपासणाऱ्या मॅडमनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन ओळी वरचा आकडा वाच." मीच टाइप केला होता: ८६ बाय ५०. त्याखाली सलाईन सुरू केल्याचंही मीच लिहिलं होतं. म्हणजे प्रेशर खाली गेलेलं, शब्द हायपोटेन्शन. माझ्याच हातानं लिहिलेला पुरावा समोर असताना मी उलट शब्द लिहिला होता. त्या दिवशी घरी येताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर बराच वेळ बसले. ट्रेनिंगची फाइल होती म्हणून कुणाला इजा झाली नाही. खरी असती तर पुढच्या डॉक्टरनं ते वाचूनच गोळ्या ठरवल्या असत्या.

मॅडमनी तेव्हा सांगितलेलं मी तुम्हाला तसंच सांगते: शब्द ऐकू आला नाही तर जागा मोकळी सोडायची, पुढे वेळ टाकायची, मिनिट आणि सेकंद, आणि वरच्या माणसाकडे पाठवायचं. आमच्यात त्याला ब्लँक म्हणतात. नवीन मुलींना ब्लँक सोडायची लाज वाटते. क्लासातही ब्लँक मोजले जातात, मार्क कापले जातात, मग मुलगी जवळचा वाटेल तो शब्द ठोकून देते. मला हे अजिबात पटत नाही. ब्लँक दिसतो, कुणीतरी तो भरतो. ठोकून दिलेला शब्द दिसतच नाही, तो खऱ्यासारखा फाइलीत राहतो. म्हणून प्रॅक्टिसच्या पहिल्या महिन्यात मी मुलींना एकच हिशेब ठेवायला लावते. किती ब्लँक सोडले ते विचारत नाही. अंदाजानं लिहिलेले शब्द किती, तेवढं वहीत लिहायचं. खरं लिहायचं, कारण ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं.

आता तुमचा खरा अडसर: तपासणार कोण? यावर मी एक उपाय काढला, तो आजही देते. छापील नमुना रिपोर्ट घ्यायचा. ट्रान्सक्रिप्शनच्या जुन्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत ते ढिगानं असतात. पेशंटची तक्रार आणि तपासणी, कन्सल्टेशन, ऑपरेशन, डिस्चार्ज समरी, सगळ्या प्रकारचे दोन-दोन निवडा. घरातल्या कुणाला तरी ते फोनवर वाचून रेकॉर्ड करायला सांगा. मग कागद कपाटात, आणि चार दिवस त्या रेकॉर्डिंगला हातही लावायचा नाही. पाचव्या दिवशी ऐकून टाइप करायचं, कागद काढायचा आणि लाल पेननं ओळीला ओळ लावून बघायचं. उत्तरपत्रिका घरातच तयार झाली.

माझ्यासाठी हे धाकटे दीर करायचे. इंजिनिअरिंगला होते, उच्चार स्वच्छ. पहिल्या आठवड्यात सगळं बरोबर आलं तेव्हा त्यांनीच ओळखलं की हे फार सोपं होतंय. मग ते जिन्यावरून चढता चढता वाचू लागले, तोंडात शेंगदाणे घालून, खाली रिक्षाचा हॉर्न वाजत असताना, शेवटची ओळ घाईघाईनं गिळून टाकत. खरं डिक्टेशन असंच असतं. डॉक्टर गाडीत असतात, मागे नर्स बोलत असते, मध्येच जांभई येते. या एका सवयीनं माझा कान जितका तयार झाला, तितका क्लासातल्या स्वच्छ फाइलींनी झाला नव्हता.

अमेरिकन उच्चारांसाठी तिथल्या डॉक्टरांची इंटरनेटवरची व्याख्यानं ऐका, पाच मिनिटांचा तुकडा घेऊन टाइप करा. आपल्या कानाला दोन जागा छळतात. एक म्हणजे शब्दामधला टी, तो ते डीसारखा मऊ करतात. दुसरी म्हणजे कॅन आणि कॅन्ट. कॅन्टमधला टी ते अर्धाच म्हणतात, आणि अर्थ पार उलटा होतो. "नो"चंही तसंच. "नो फ्रॅक्चर"मधला नो निसटला की हाड मोडलं. म्हणून नकारार्थी वाक्य दोनदा ऐकायचं, मला पंधरा वर्षांनंतरही ते करावं लागतं.

रेकॉर्डिंग पायानं थांबवायचं-सुरू करायचं पाय-पेडल लगेच विकत घेऊ नका. एक्स्प्रेस स्क्राइबसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थांबवणं, सुरू करणं, मागे नेणं कीबोर्डवरच्या बटणांवर लावता येतं. थांबवल्यावर फाइल एक-दोन सेकंद मागे जाईल अशी सेटिंग मात्र करून घ्या. हेडफोन दोन्ही कान झाकणारा हवा, त्यावर पैसे वाचवू नका.

मेडिकल शब्दांची भीती सगळ्यांनाच असते, आणि ही भीती काढायला मला सासूबाईंनी मदत केली, म्हणून इथं जरा रेंगाळते. त्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायच्या. मी शब्दांची वही पाठ करत बसले होते, त्या शेजारी पावटा सोलत होत्या. मी मोठ्यानं म्हणत होते, अ‍ॅफेजिया म्हणजे बोलता न येणं, अ‍ॅन्युरिया म्हणजे लघवी न होणं. त्या म्हणाल्या, "अगं, एकाला अ लागलाय आणि दुसऱ्याला अन्, दिसलं का तुला? आपलं अशक्त आणि अनावश्यक तसंच की. पुढं व्यंजन आलं की अ, स्वर आला की अन्."

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी ती वही नव्यानं मांडली. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे कितीतरी तुकडे घरचेच निघाले. डिस्‌ म्हणजे आपलं दुस्‌, दुर्‌: दुर्गंधातलं. पेरि म्हणजे परि, परिसर-परिघातलं, म्हणून पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. ऑस्टिओ आणि अस्थी. डेंटल आणि दंत. गुडघ्याला लॅटिनमध्ये जेनू, संस्कृतात जानु. रामरक्षेतला आजानुबाहू तोच. आणि ज्या दोन शब्दांनी मला रंकाळ्यावर बसवलं होतं, ते हायपर आणि हायपो म्हणजे उपरि आणि उप. उपरि म्हणजे वर. उप म्हणजे जवळ, खालच्या पायरीचा, उपनगरातला. हे कळल्यावर ते दोन शब्द माझ्या डोक्यात पुन्हा कधी एकमेकांत मिसळले नाहीत.

शेपट्या मात्र पाठच कराव्या लागतात: आयटिस म्हणजे दाह, एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ऑटमी म्हणजे छेद देणं, ऑस्टमी म्हणजे अवयवाला बाहेर उघडणारं तोंड करून ठेवणं. शेवटच्या तिन्हींमध्ये कानाला फरक किती कमी आहे ते म्हणून बघा. पेशंटच्या दृष्टीनं तो फरक अख्ख्या अवयवाचा असतो.

काही जोड्या कानानं सुटतच नाहीत. इलियम नावाचं कमरेचं हाड आहे आणि इलियम नावाचाच लहान आतड्याचा शेवटचा भाग. उच्चार एक, इंग्लिश स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. हिपमध्ये आय आहे, म्हणून हाडाचं स्पेलिंग आयचं. आतड्याच्या शब्दांना लागणारा एन्टेरो ईनं सुरू होतो, म्हणून आतड्याचं ईचं. अशी खूण मी केली होती, तुम्ही तुमची करा. पण कोणतं लिहायचं हे ठरवायला आजूबाजूची वाक्यंच वाचावी लागतात. ऑर्थोपेडिकच्या रिपोर्टात आतडं कुठून येणार?

औषधांचं तर याहून नाजूक. सेलेब्रेक्स सांधेदुखीचं, सेलेक्सा डिप्रेशनचं, सेरेबिक्स फिट्‌सचं. हायड्रालाझिन बीपीसाठी, हायड्रॉक्सिझिन खाज आणि अस्वस्थपणासाठी. ही गल्लत इतकी जुनी आहे की अमेरिकेत अशा नावांमधली वेगळी अक्षरं मुद्दाम कॅपिटलमध्ये छापतात. औषध ऐकलं की पेशंटचा आजार वर जाऊन वाचायचा. जुळत नसेल आणि आवाजही पक्का नसेल, तर ब्लँक.

आकड्यांची एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. तिथल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ साली न वापरायच्या खुणांची यादी काढली. पाच मिलिग्रॅम लिहिताना पाच, टिंब, शून्य असं लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की पन्नास वाचलं जातं. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच, नाहीतर पाच होतो. युनिटसाठी नुसतं यू लिहायचं नाही, ते शून्यासारखं दिसतं.

"आता कॉम्प्युटरच ऐकून लिहितो, मग शिकून काय उपयोग?" हेही विचारलं जातं. पूर्वीसारखं कोऱ्या पानावर टाइप करायचं काम खूप कमी झालंय, हे मी लपवत नाही. मशीननं लिहिलेलं तपासायचं काम वाढलंय. नुसत्या टायपिंगच्या भरवशावर यायचं असेल तर येऊ नका. पण मशीनचं लिहिणं तपासणं जास्त अवघड आहे, कारण चुकलेलं वाक्यसुद्धा ते सफाईदार लिहितं आणि ब्लँक सहसा सोडत नाही. याचीही प्रॅक्टिस घरी होते. घरच्यांनी वाचलेलं तेच रेकॉर्डिंग फोनच्या व्हॉइस टायपिंगला ऐकवा, आणि आलेला मजकूर आवाजाशी ताडून दुरुस्त करा.

एक गोष्ट करू नका. ओळखीच्या दवाखान्यातून खऱ्या पेशंटच्या फाइली प्रॅक्टिससाठी मागू नका. पेशंटची माहिती खासगी राहावी यासाठी अमेरिकेत १९९६चा हिपा कायदा आहे, पण कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं. शेजारच्या काकूंच्या गाठीचा रिपोर्ट तुमच्या लॅपटॉपवर असायचं काही कारण नाही. आणि काम देतो म्हणून आधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे साठवलेले पैसे असेच गेले.

आज रात्रीच सुरू करायचं असेल, तर दुर्बिणीनं पित्ताशय काढल्याच्या ऑपरेशनचा रिपोर्ट घ्या. तो बराचसा साच्यातला असतो. बेंबीपाशी छेद, पोटात कार्बन डायऑक्साइड भरणं, प्रेशर साधारण १५. इथं फिफ्टीन की फिफ्टी असा घोळ झाला तर आठवा, पोटात ५०चं प्रेशर कुणी ठेवत नाही. मग सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) आणि सिस्टिक आर्टरी (त्याची रक्तवाहिनी) शोधायची, दोन्हींना क्लिप लावायची, कापायचं, पित्ताशय यकृतापासून सोडवून बाहेर काढायचं. असे दहा रिपोर्ट केलेत की अकराव्यात डॉक्टर बोलायच्या आधीच तुमची बोटं "क्लिप" टाइप करतील. नेमकं तिथं हात थांबवा आणि फाइल दोन सेकंद मागे घ्या. या पेशंटच्या नळीला सूज होती, आणि डॉक्टरांनी क्लिप न लावता टाका घातलाय.