सव्वीस नंबरची निळी जर्सी

अमेरिकन फुटबॉलचा 2025 चा हंगाम तोंडावर असताना, एकदा आरती झाल्यावर, हातात प्रसादाची वाटी असतानाच, मला पुन्हा तोच प्रश्न विचारण्यात आला: "यंदा तरी तुमचे जायंट्स ईगल्सच्या जवळपास पोहोचणार का?" न्यू जर्सीच्या मध्यभागी राहणाऱ्या माणसाच्या नशिबी हा प्रश्न लिहिलेलाच असतो, कारण इथे एका शेजाऱ्याच्या दारात न्यूयॉर्क जायंट्सचा निळा झेंडा असतो आणि दुसऱ्याच्या दारात फिलाडेल्फिया ईगल्सचा हिरवा. पण विचारणाऱ्यांच्या मनात खरे तर दुसराच प्रश्न असतो. जायंट्सनी आपला स्टार खेळाडू सेक्वान बार्कलीला सोडणे ही चूक होती, हे मी आता तरी कबूल करणार का?

तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

2024 च्या मार्चमध्ये बार्कली ईगल्सकडे गेला, त्या आठवड्यात एका मित्राच्या बेसमेंटमध्ये मी जे व्याख्यान दिले, ते अनेकांच्या अजून लक्षात आहे. सत्तावीस वर्षांचा, गुडघ्याची मोठी दुखापत होऊन गेलेला आणि आदल्या हंगामात हजार यार्डांचा टप्पाही न गाठलेला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. त्याला तीन वर्षांसाठी सुमारे पावणेचार कोटी डॉलर देणारा संघच मूर्ख आहे, असे मी म्हणालो होतो. त्याच पैशांचा काही भाग घालून आपण ब्रायन बर्न्ससारखा प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्यावर, तुटून पडणारा खेळाडू आणला, हे शहाणपण आहे, असेही म्हणालो होतो. ईगल्स तर मला उताराला लागलेले दिसत होते. 2023 मध्ये पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकून ते पुढे कोसळले होते, आणि जेसन केल्सी व फ्लेचर कॉक्स हे दोन आधारस्तंभ एकाच महिन्यात निवृत्त झाले होते.

यातले एकही वाक्य मागे घ्यावे, असे मला आजही वाटत नाही. आणि तरीही मी चुकलो. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे मला कोणालाच समजावता येत नाही. स्वतःलासुद्धा नाही.

20 ऑक्टोबर 2024 रोजी ईगल्स आमच्या मेटलाइफ स्टेडियमवर आले, तेव्हा मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. त्याच्याकडे बार्कलीची सव्वीस नंबरची निळी जर्सी होती, तिसऱ्या इयत्तेत असताना वाढदिवसाला घेतलेली आणि आता खांद्यांना तंग झालेली. ती घालू का, असे त्याने निघताना विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. गाडीत त्याने दुसरा प्रश्न विचारला: "बाबा, आज आपण त्याला हुर्यो करायची का?" मी म्हणालो की करायची, अशीच पद्धत असते. बार्कलीच्या हाती चेंडू आला की सगळे स्टेडियम ओरडत होते आणि त्यात आम्ही दोघेही होतो. मग तो धावू लागला. सतरा वेळा चेंडू घेऊन 176 यार्ड आणि एक टचडाउन. त्याच्या एका लांब धावेनंतर माझ्या शेजारचा आवाज बंद झाला आहे, हे माझ्या थोडे उशिराच लक्षात आले. मुलगा खाली बसला होता. आजूबाजूचे सगळे उभे असल्यामुळे त्याला मैदान दिसतच नव्हते, आणि ते पाहण्याची त्याची इच्छाही दिसत नव्हती. "मग आपण त्याला का जाऊ दिले?" एवढेच त्याने विचारले. मी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरची मर्यादा, समजावू लागलो. खरोखरच समजावू लागलो: एकूण मर्यादा किती असते, क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सच्या करारात किती पैसा अडकला आहे, रनिंग बॅकची उमेद किती वर्षांची असते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तो तर इथेच होता ना?"

चौथ्या सत्रात जोन्सला बाकावर बसवण्यात आले आणि आम्ही उठलो. 28 विरुद्ध 3 असा तो सामना संपला. आमच्या मागच्या रांगेतली हिरव्या टोपीवाली मंडळी ईगल्सच्या नावाचे एकेक अक्षर घोषासारखे म्हणत होती, ते पार्किंगपर्यंत ऐकू येत होते. घरी पोहोचेपर्यंत आम्ही काहीही बोललो नाही.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. त्या हंगामात बार्कलीचे 2005 यार्ड झाले आणि सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, ईगल्सनी 40-22 असा जिंकला, तोही त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी. आमचे तीन विजय आणि चौदा पराभव. माझे म्हणणे इतकेच आहे की ते 2005 यार्ड जॉर्डन मेलाटा आणि लेन जॉन्सन या ईगल्सच्या लाइनमधल्या, म्हणजे वाट मोकळी करणाऱ्या फळीतल्या, खेळाडूंनी पाडलेल्या खिंडारांतून आले होते. आमच्या लाइनमागे त्याला तेवढी वाट कधीच मिळाली नसती. ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पाचव्या फेरीत घेतलेल्या टायरोन ट्रेसीने त्याच लाइनमागे नवोदित असूनही 839 यार्ड काढले. हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तो केल्यावर मला कधीच बरे वाटलेले नाही.

आता 2025 च्या हंगामाचे. ईगल्सनी तो सुरू होण्याआधी बरेच गमावले होते: बचाव फळीतले जॉश स्वेट, मिल्टन विल्यम्स आणि डेरियस स्ले गेले, आक्रमणाचे सूत्रधार केलन मूर न्यू ऑर्लिन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. आम्ही अनुभवी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला आणले, ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर अब्दुल कार्टरला घेतले, आणि दुसऱ्या संघाशी क्रमांकांची अदलाबदल करून, वर सरकून, पंचविसाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जॅक्सन डार्टला. कागदावर त्यांची वजाबाकी आणि आमची बेरीज दिसत होती. पण आदल्या वर्षीही मी कागदच वाचला होता. कार्टर, बर्न्स आणि डेक्स्टर लॉरेन्स ही आघाडीची फळी कोणत्याही क्वार्टरबॅकची झोप उडवील, हे मी मानत होतो. मात्र आमच्या स्वतःच्या क्वार्टरबॅकपुढे उभी राहणारी लाइन जवळजवळ तीच होती, आणि तिच्यातल्या अँड्र्यू थॉमसच्या पायाची चिंता संपलेली नव्हती. त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या आदल्या हंगामातल्या कामगिरीवरून मोजले तर आमचे वेळापत्रक लीगमध्ये सर्वांत अवघड होते. म्हणून माझे उत्तर असे होते: पाच-सहा विजय, आणि ईगल्सपासून अंतर बरेच. विल्सनऐवजी डार्टला लवकर उतरवले तर कदाचित विजय कमी होतील, पण बघावेसे काही तरी असेल.

9 ऑक्टोबर 2025 ला, गुरुवारी रात्री, ईगल्स पुन्हा इथे येणार होते. मी दोन तिकिटे काढली होती. मुलगा म्हणाला की दुसऱ्या दिवशी शाळा आहे, बघू.