सम्प पंपाचा डिस्चार्ज पाइप: लपेटा की सक्शन होज?

पार्किंगच्या खड्ड्यातल्या पंपाचं काम पावसाळ्याआधी हातात घेतलंय, त्यातला पाइपचा भाग आता मार्गी लागला. घर ठाण्यात, पार्किंग रस्त्याच्या पातळीखाली. जुलैत भिंतीच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात साचतं. पंप अर्धा एचपीचा सबमर्सिबल, फ्लोट स्विचवाला (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता स्विच, पंप आपोआप चालू-बंद करतो), आउटलेट दीड इंची. पाणी ३ मीटर चढवून कंपाउंडच्या कडेने पावसाळी गटारात सोडायचं; पाइप एकूण १५ मीटर.

दुकानात गेलं की इंची बागेचा पाइप आणि एक रिड्यूसर (मोठं तोंड लहान पाइपला जोडणारा तुकडा) पुढे करतात. स्वस्त पडतं, पण हिशेब मांडून बघा. मिनिटाला १५० लिटर पाणी आतून ४० मिमी असलेल्या गुळगुळीत पाइपमधून १५ मीटर न्यायला घर्षणात दीड-पावणेदोन मीटर हेड (पंपाचा जोर, पाणी किती मीटर चढेल त्या मापात) जातं. ३२ मिमीला पाचच्या आसपास आणि २५ मिमीला चक्क सोळा! असल्या छोट्या पंपांचं कमाल हेडच बहुधा ८-१० मीटर असतं. म्हणजे पंप कितीही चांगला घ्या, इंची पाइपातून एवढं पाणी निघणारच नाही. माझं ठाम मत: आधी आतला व्यास ठरवा, लपेटा (रिकामा असताना चपटा होणारा पाइप) की सक्शन (कडक सर्पिल कडेचा होज) हे नंतर. मापही नीट विचारून घ्या. होजचं माप आतलं असतं, कडक पीव्हीसी पाइपवरचं मिमीतलं माप बाहेरचं.

शेतावरचा निळा लपेटा पाइप घरात होताच, म्हणून तो आधी लावून पाहिला. सरळ पसरला तर झकास चालतो, गुंडाळून माळ्यावर टाकता येतो. अडचण कठड्यावर येते: तिथे वळताना पाइप चपटा होऊन घडी पडते. २०० लिटरचा ड्रम भरायला २ मिनिटं लागली. त्याच जागी दीड इंची हिरवा सक्शन होज जोडला, ८० सेकंदांत भरला. त्याच्या भिंतीत कडक पीव्हीसीची सर्पिल कड असते, त्यामुळे वळणावर तो दबत नाही. घेताना आत बोट फिरवून बघा. आतून वळ्या असतील तर घर्षण वाढतं आणि गाळही अडकतो. उन्हात हा होज कालांतराने कडक होतो, म्हणून सावलीच्या भिंतीने नेलाय.

जोडणी: टोक गरम पाण्यात बुडवून निपलवर चढवलं, वर स्टीलच्या दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. पंपाच्या वर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवाच. नाहीतर पंप थांबला की उभ्या पाइपातलं पावणेचार लिटर पाणी परत खड्ड्यात येतं, आणि खड्डा लहान असेल तर फ्लोट पुन्हा उचलला जातो. पंप आणि एनआरव्हीच्या मध्ये हवा कोंडू नये म्हणून ३ मिमीचं भोक पाडलंय, तोंड खाली ठेवून, म्हणजे फवारा खड्ड्यातच पडतो. काही पंपांना हे भोक कंपनीतूनच असतं. ड्रिल काढण्याआधी बघून घ्या.

आता भिंतीवर सॅडल क्लिपा ठोकायच्या आहेत, आणि गटाराकडच्या तोंडाला उंदीर शिरू नयेत म्हणून झडप बसवायची आहे. जाळी नको, पाल्याने तुंबते. दीड इंची होजला बसणारी हलकी झडप कुणी वापरली असेल तर जरूर कळवा.