साउथडेल : छताखालच्या चौकात एक दिवस

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहराच्या मध्यवर्ती भागातून दक्षिणेकडे जाणाऱ्या बसने मी ईडायना या उपनगरात पोहोचले. जानेवारीतल्या त्या सकाळी थंडी अशी होती, की हातमोजा काढून तिकीट खिशात ठेवेपर्यंत बोटे बधिर झाली. बसथांबा मॉलच्या आवारातच आहे. तरीही तिथून दारापर्यंतचे अंतर फार लांब वाटले. समोर पार्किंगचे विस्तीर्ण मैदान आणि त्याच्या कडेला यंत्रांनी लोटून रचलेले, मातीने करडे पडलेले बर्फाचे ढीग होते. बाहेरचे दार, मग काचेची लहानशी देवडी आणि मग आतले दार ओलांडताच माझा चष्मा धुरकटला आणि काही क्षण काहीच दिसेना. काचा पुसून चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, तेव्हा जिच्यासाठी एवढा प्रवास केला होता ती जागा समोर होती.

साउथडेल सेंटर हे पूर्णपणे बंदिस्त आणि आतले तापमान नियंत्रित असलेले अमेरिकेतले पहिले उपनगरी मॉल. 8 ऑक्टोबर 1956 रोजी ते खुले झाले. त्या वेळी त्यात 72 दुकाने होती आणि बांधकामाला सुमारे 2 कोटी डॉलर खर्च आला होता. आज जगात कुठेही मॉलमध्ये पाऊल ठेवले, की मधला उंच मोकळा चौक, दोन मजल्यांवर समोरासमोर मांडलेली दुकाने, सरकते जिने आणि दोन टोकांना दोन मोठी भांडारे दिसतात. ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल, हे मनातही येत नाही. ती सुचलेली माणसे आणि त्यांना ती का सुचली, हे जाणून घेण्याची ओढ मला इथवर घेऊन आली होती.

साउथडेलची रचना करणारे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांचा जन्म 1903 साली व्हिएन्नात झाला. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ते अमेरिकेत आले. पायी हिंडावे, ओळखीची माणसे भेटावीत, कॉफी घेत तासभर बसावे, असा शहराचा मध्यभाग त्यांनी लहानपणापासून अनुभवला होता. अमेरिकेच्या उपनगरांत त्यांना दिसली ती मोटार घेऊन एका दुकानातून दुसऱ्या दुकानाकडे धावणारी माणसे. डेट्रॉइटजवळचे नॉर्थलँड हे त्यांचे मोठे खरेदी संकुल 1954 मध्ये उघडले, पण त्यातल्या वाटा आभाळाखाली होत्या. मिनेसोटात ते चालण्यासारखे नव्हते. ग्रुएन यांच्या हिशेबाप्रमाणे इथे निवांत खरेदीला बाहेर पडावे असे दिवस वर्षाकाठी जेमतेम 126 भरत. धुरकटलेल्या चष्म्यानिशी आत शिरलेल्या मला तो हिशेब पटवून द्यावा लागला नाही.

साउथडेल उभारणारे डेटन कुटुंब म्हणजे मिनियापोलिसच्या मध्यवस्तीतल्या ‘डेटन्स’ या प्रसिद्ध भांडाराचे मालक. पुढे 1962 मध्ये ‘टार्गेट’ दुकानांची सुरुवात केली तीही याच कंपनीने. साउथडेलमध्ये त्यांनी घेतलेला एक निर्णय मला इमारतीइतकाच महत्त्वाचा वाटतो : आपल्या भांडारासमोर, त्याच छताखाली, त्यांनी ‘डोनाल्डसन्स’ या आपल्या प्रतिस्पर्ध्यालाच जागा दिली. दोन मोठी भांडारे दोन बाजूंना असली, की गिऱ्हाईक एकीकडून दुसरीकडे जाते आणि मधल्या प्रत्येक लहान दुकानासमोरून त्याची पावले पडतात. मॉलचे सारे अर्थकारण या येरझारेवर उभे आहे. शिवाय छत एकच असल्याने प्रत्येक गाळ्याला थंडीपासून संरक्षण देणारी स्वतंत्र दर्शनी भिंत लागत नाही. दुकाने चौकाच्या बाजूने सताड उघडी राहू शकतात आणि माणूस दार न ढकलताच आत शिरतो.

चौकातल्या बाकावर मी बराच वेळ बसून होते. उद्घाटनाच्या काळात या चौकाला ‘चिरवसंताचा बगिचा’ अशा अर्थाचे नाव दिले होते. तापमान कायम 24 अंश सेल्सिअसच्या आसपास, मोठा पक्ष्यांचा पिंजरा, झाडे, पाणी आणि रस्त्याकडेला असावा तसा कॅफे, असा तो थाट होता. पक्षी आता नाहीत. शिल्पकार हॅरी बर्टोया यांची ‘सोनेरी झाडे’ मात्र अजून उभी आहेत. बारीक दांड्यांवर जडवलेले धातूचे पत्रे वरच्या मजल्याच्याही वर चढत गेले आहेत. खालून पाहिले तर ते एकाच पिवळ्या झळाळीत विरघळतात; सरकत्या जिन्याने वर जाताना मात्र एकेक पत्रा सुटा दिसू लागतो आणि छताजवळच्या उजेडात कोणता फिका, कोणता गडद, हेही कळते. मी तेवढ्यासाठी त्या जिन्याने तीनदा वर गेले. आजूबाजूने पायांत कॅनव्हासचे बूट घातलेली वृद्ध जोडपी झपझप फेऱ्या मारत होती. बाहेर चालणे अशक्य असलेल्या दिवसांत हा चौक त्यांची फिरायची जागा आहे, आणि ग्रुएन यांना हवे होते त्याच्या सर्वांत जवळचे दृश्य मला तेच वाटले.

कारण त्यांची मूळ योजना निव्वळ दुकानांची नव्हती. डेटन कंपनीने इथे साडेचारशे एकरांहून अधिक जमीन घेतली होती आणि आराखड्यात मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने, बाग आणि तळेही होते. मॉल हा त्या वस्तीचा गाभा असणार होता. प्रत्यक्षात मॉल उभे राहताच भोवतालच्या जमिनीचा भाव चढला, जमीन तुकड्यांनी विकली गेली आणि गाभ्याभोवती पसरले ते हजारो मोटारींचे पार्किंग. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी उद्घाटनाच्याच वर्षी इथे येऊन खरमरीत टीका केली : गावातल्या रस्त्याचे सगळे दोष या चौकात आहेत, त्याचा गोडवा मात्र नाही. ही टीका मला अर्धीच पटते. त्या फेऱ्या मारणाऱ्या आजी-आजोबांना दुसरा कोणता रस्ता जानेवारीत मिळाला असता?

साउथडेल चालले आणि त्याची नक्कल झपाट्याने झाली. 1954 च्या करसुधारणेने नव्या व्यापारी इमारतींचा घसारा, म्हणजे इमारत जुनी होत जाते तशी तिच्या किमतीत धरली जाणारी आणि करपात्र नफ्यातून वजा होणारी घट, सुरुवातीच्या वर्षांतच मोठ्या प्रमाणात दाखवण्याची मुभा दिली होती. त्यामुळे उपनगरातल्या मोकळ्या जमिनीवर बांधणे हा गुंतवणूकदारांसाठी कर वाचवण्याचा मार्ग ठरला. उपनगरांपर्यंत मोटारीने पोहोचणे सोपे करणारा आंतरराज्य महामार्गांचा कायदाही 1956 मध्येच झाला. डेटन कंपनीने मिनियापोलिसभोवती 1962 मध्ये ब्रूकडेल, 1969 मध्ये रोझडेल आणि 1974 मध्ये रिजडेल उघडले. साउथडेललाही 1972 मध्ये जेसी पेनी या दुकानसाखळीचे तिसरे मोठे भांडार जोडले गेले. 1992 मध्ये शेजारच्या ब्लूमिंग्टनमध्ये मॉल ऑफ अमेरिका सुरू झाले आणि पहिलेपणाचा मान असलेले हे संकुल आकाराने एकदम लहान दिसू लागले. ब्रूकडेल तर 2010 मध्ये बंदच पडले.

ग्रुएन शेवटी व्हिएन्नाला परतले. 1976 मध्ये त्या शहराच्या दक्षिण वेशीबाहेरही एक प्रचंड खरेदी संकुल उघडले. 1978 मध्ये लंडनमधल्या एका भाषणात त्यांनी आपल्या कल्पनेच्या या सगळ्या वारसांचे पितृत्व संतापाने नाकारले, आणि 1980 मध्ये त्यांचे निधन झाले. हा भाग वाचल्यापासून माझ्या मनाला टोचत राहिला आहे. आयुष्यभर पायी चालणाऱ्या माणसाची बाजू घेणाऱ्याचे नाव जगातल्या सर्वांत मोठ्या वाहनतळांशी जोडले जावे, याचे दुःख त्यांना किती झाले असेल!

दुपार कलल्यावर निघाले आणि वाट चुकले. साउथडेलच्या दोन्ही मजल्यांना स्वतंत्र पातळीवरच्या पार्किंगमधून थेट प्रवेश मिळावा अशी रचना आहे, म्हणजे कोणताच मजला ‘वरचा’ म्हणून ओस पडू नये. मी ज्या पातळीवरून आत आले होते, तिच्याऐवजी दुसऱ्या पातळीवर बाहेर पडले. बसथांबा कुठेच दिसेना. इमारतीला वळसा घालताना समोर आल्या त्या पार्किंगच्याच कोपऱ्यात गेल्या दशकात बांधलेल्या राहत्या घरांच्या इमारती. जेसी पेनीच्या जागी 2019 पासून व्यायामशाळा चालते, तिथून एक बाई खांद्याला पिशवी लावून निघाल्या आणि मैदान ओलांडून पायीच त्या घरांच्या दिशेने गेल्या. खिडक्यांमध्ये दिवे लागू लागले होते. मी त्यांनाच हाक मारून थांबा विचारला. त्यांनी हातमोज्यानेच दिशा दाखवली आणि झपझप आपल्या दारात शिरल्या.