रिसेप्शन एकदम क्लिअर

2013 चा किस्सा आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. तेव्हा मी शेनझेनला राहून थर्ड पार्टी इन्स्पेक्शन करायचो, म्हणजे गिऱ्हाईक आफ्रिकेत, माल चायनात, आणि कंटेनर भरायच्या आधी खोके फोडून बघणारा मी. लोकांना वाटतं आम्ही सगळे पीस बघतो. कसले सगळे! 3000 चा लॉट असला की सॅम्पलिंगच्या टेबलप्रमाणे 125 काढायचे, एक्यूएल (म्हणजे किती डिफेक्ट चालतील ती मर्यादा) 2.5 ला सात डिफेक्टपर्यंत पास, आठवा सापडला की लॉट फेल, आणि मग फॅक्टरीचा मॅनेजर जेवायला चला, जेवायला चला करत मागे लागतो.

त्या दिवशी दोंगग्वानला शॉर्टवेव्ह रेडिओ होते. रेडिओच्या हौशी लोकांना माहीत असलेली टेकसन कंपनीही याच गावची, पण ही फॅक्टरी वेगळी, नाव नको. बाहेरचा सिग्नल आत न येऊ देणाऱ्या शील्ड रूममध्ये सिग्नल जनरेटर लावला की कुठलाही रेडिओ शहाण्या पोरासारखा वागतो. 1 किलोहर्ट्झचा टोन, 30 टक्के मॉड्युलेशन, आकडा लिहा, पुढचा घ्या. खरी भानगड गच्चीवर कळते. त्या सेटांमध्ये सिलिकॉन लॅब्सची अमेरिकन डीएसपी चिप (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारी) असायची आणि तिच्यात सॉफ्ट म्यूट नावाची खोड असते, सिग्नल जरा पडला की चिप स्वतःच आवाज खाली घेते, त्यामुळे शॉर्टवेव्हवर बोलणारा माणूस मधेच विहिरीत उतरतो आणि परत वर येतो. सेटिंगमधला एक आकडा शून्य केला की हे बंद होतं! पण प्रोग्रॅम एकदा कंट्रोलरमध्ये गेला की तो लॉट तसाच. हे मी किती जणांना सांगितलं असेल. खरेदीवाल्याला फक्त भाव कळतो.

तर पाच सेट घेऊन संध्याकाळी गच्चीवर गेलो, सोबत त्यांची इंजिनियर, पंचविशीतली मुलगी, कामाला एकदम चोख. ती म्हणाली 10 मेगाहर्ट्झ लावा. तिथे बीपीएम लागतं, शाआन्शी प्रांतातलं सरकारी वेळेचं स्टेशन, नुसतं टिक टिक. म्हटलं टिकटिकीवर सॉफ्ट म्यूट काय कळणार, मला बोलणं पाहिजे, तेही लांबचं, कमजोर. आणि माझ्या वहीतली रेडिओ फ्री एशियाच्या (अमेरिकन सरकारच्या पैशावरचं, चीन सरकारला नको असलेलं स्टेशन) चिनी कार्यक्रमाची फ्रिक्वेन्सी टाकली.

ढोल. झांजा. सनईसारखं काहीतरी कर्कश, आणि थांबायचं नावच नाही. हौशी लोक याला फायरड्रेक म्हणतात, नको असलेल्या स्टेशनवर सरकार तेव्हा हीच तासाभराची टेप परत परत सोडायचं, नाहीतर सरळ आपला सरकारी रेडिओ, सीएनआर 1, त्याच्यावर चढवायचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीबीसीनेही आपलं इंग्रजी जॅम होतंय म्हणून जाहीर तक्रार केली होती.

तिने अंगठ्याने व्हॉल्यूम कमी केला, डिस्प्लेकडे बघितलं आणि म्हणाली, "सिग्नल फुल आहे. रिसेप्शन एकदम क्लिअर."

हसली नाही. आणि खोटंही नव्हतं, इतक्या दणदणीत सिग्नलला सॉफ्ट म्यूट कशाला लागतोय. पाचही सेटवर तेच ढोल, तेही स्वच्छ.

सोव्हिएत युनियनमध्ये म्हणे परदेशी स्टेशनं लागू नयेत म्हणून देशात विकायच्या रेडिओंना 19, 16, 13 मीटरचे बँडच द्यायचे नाहीत, एक्सपोर्टच्या सेटला मात्र द्यायचे. इथे तसं काही नाही. या मॉडेलला 2.3 पासून 21.95 मेगाहर्ट्झपर्यंत सगळं खुलं, घरच्या मार्केटलाही तेच. फॅक्टरीला कोणी विचारत नाही काय ऐकू येतं, रेडिओ बनवा, विका, हवेचं आम्ही बघतो. मला आधी वाटायचं सरकारचा हात म्हणजे गेटवरची पक्षशाखेची लाल पाटी (तीन पक्षसदस्य असले की कंपनीत शाखा, नियमच आहे). त्या पाटीचा आमच्या इन्स्पेक्शनला कधी काडीचा त्रास झाला नाही.

फॅक्टरीच्या टेस्ट शीटवर 'लाइव्ह टेस्ट: स्टेशन' असा कॉलम होता. पेन हातात, ती बाजूला उभी. मी लिहिलं 'लोकसंगीत'. पुढे 'पास'. तिने वाचलं, सही केली, आणि जिन्यात फक्त एवढंच म्हणाली की पुढच्या लॉटला तो आकडा शून्य करून देते.

सहा महिन्यांनी गेलो तर आकडा खरंच शून्य होता. ती नव्हती, आणि शीटवरचा स्टेशनचा कॉलमही नव्हता. कोणी काढला ते मी विचारलं नाही.