मोहाच्या यीस्टने घड्या धरल्या: शहाद्याहून नोंद

साखर कमी केली आणि मोहफुलांवरून मिळवलेल्या यीस्टने रूप पालटलं. २ टक्के ग्लुकोज असलेल्या अगरवर (समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या, सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीवर) त्याच्या वसाहती, म्हणजे पेशींचे वाढलेले पुंजके, गुळगुळीत, चकचकीत वाढत होत्या. तोच वाण ०.५ टक्क्यावर लावला, तर आठवडाभरात कडा दातेरी झाल्या आणि मधोमध घड्यांवर घड्या उठल्या. बेकरीच्या पाकिटातलं यीस्ट शेजारच्या डिशमध्ये, त्याच माध्यमावर, शेवटपर्यंत सपाटच राहिलं. भिंगाखाली दोन्ही डिश शेजारी ठेवून किती वेळ बघत बसलो, सांगता येत नाही.

हा वाण धडगावकडून आणलेल्या वाळल्या मोहफुलांवरून वेगळा केला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींना कळ्या फुटताना छान दिसतात, पण नुसत्या आकारावरून जात ठरत नाही, त्याला डीएनए तपासणी लागते. तोवर माझ्या वहीत तो फक्त ‘मोहाचा वाण’.

आपल्याकडे उन्हाळ्यात हा छंद करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अगर साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठतो. मे महिन्यात दुपारी खोलीच चाळिशीला टेकलेली असते, मग ज्यात अगर जेमतेम ०.३ टक्के घातला आहे, असं पातळ माध्यम धरणार कसं? मी पहाटे ओततो, आणि ओतताना कूलर बंद ठेवतो, नाहीतर धुळीबरोबर बुरशी आलीच म्हणून समजा. नंतर डिश थर्माकोलच्या खोक्यात, गार पाण्याच्या बाटल्यांसोबत. यीस्टला तिशीच्या आसपासचं तापमान मानवतं.

घड्या का पडतात, ते कळल्यापासून माझा या विषयातला जीव वाढला आहे. यीस्टमध्ये फ्लो-११ नावाचं जनुक आहे. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या भिंतीवर बसतं आणि पेशी एकमेकींना, शिवाय पृष्ठभागालाही, चिकटतात. २००१ साली रेनॉल्ड्स आणि फिंक यांनी दाखवलं की ०.३ टक्क्यांच्या मऊ अगरवर बेकरीच्याच जातीचं यीस्ट पातळ थरासारखं पसरतं, मधे गाभा आणि त्यातून बाहेर आऱ्या. फ्लो-११ काढून टाकलं की हे होत नाही. म्हणजे जात तीच असली तरी वाणावाणांत फरक पडतो. माझ्या मऊ अगरवर मोहाचा वाण भराभर पसरला, पाकिटातलं मात्र लावलं तिथेच ढिगासारखं राहिलं.

त्याहून मोठी गोष्ट आत आहे. प्राग इथल्या झ्देना पाल्कोवा यांच्या गटाने घडीदार वसाहतींचे उभे छेद घेतले. वरच्या थरातल्या पेशींच्या अंगावर विषारी द्रव्यं बाहेर फेकणारे पंप, आतल्या पेशींभोवती चिकट आवरण, आणि तळाशी लांबुळक्या पेशी अगरमध्ये मुळांसारख्या घुसलेल्या. सगळ्या एकाच वाणाच्या, जनुकं तीच. जागा बदलली की काम बदलतं. हे एकपेशीय जीव आहेत, हे लक्षात ठेवून ही ओळ पुन्हा वाचा.

तळाच्या पेशी घरी तपासता येतात. ब्लीचच्या पाण्याच्या टबावर डिश धरून नळाची बारीक धार सोडायची आणि बोटाने, हातमोजा घालून, हलकंच चोळायचं. पाकिटातलं यीस्ट वाहून गेलं. मोहाच्या वाणाचा मात्र पांढरा ठसा अगरमध्ये रुतून राहिला. काम झालं की डिश वेगळ्या कुकरमध्ये १५ पौंड दाबावर शिजवून मगच फेका. स्वयंपाकाचा कुकर यासाठी नको.

जंगली वाण भरपूर साखरेवर पुन्हा पुन्हा लावत गेलं, तर ते माणसाळतं आणि वसाहती गुळगुळीत होतात, हेही त्याच गटाने दाखवलं आहे. म्हणून मूळ वाण फ्रिजमध्ये, नळीत तिरक्या गोठवलेल्या अगरवर राखून ठेवला आहे, आणि दर वेळी तिथूनच नवी डिश लावतो.

पुढचा प्रयोग अमोनियाचा. १९९७ मध्ये पाल्कोवा यांनी दाखवलं की शेजारच्या वसाहती अमोनिया वायू सोडून एकमेकींना इशारा देतात आणि समोरासमोरच्या बाजूंची वाढ आवरते. त्यासाठी ग्लुकोजऐवजी ग्लिसरीन घातलेलं माध्यम आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल लागेल. हा रंग आम्लात पिवळा असतो, आम्ल कमी होत गेलं की जांभळा होतो. ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळालं. बिबड्यांसाठी आंबवलेल्या ज्वारीतूनही एक वाण काढायचा आहे. तो आणि मोहाचा, दोघे एकाच डिशवर शेजारी लावणार.