२०४८ इंचांचा दगड

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत गेमसाठी टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं, बनतात. तेव्हा एका घाटाचा सेट चालू होता: पायऱ्या, दीपमाळ, पाण्यानं झिजलेला काळा दगड. संदर्भाचे फोटो आम्ही पंचगंगेवर जाऊनच काढले होते. बेसाल्टवर पाण्याची रेघ कशी उमटते, सांध्यात शेवाळ कुठं धरतं, हे समोर बसून बघितल्याशिवाय हातात येत नाही.

प्रत्येक दगडासाठी फोटोशॉपमध्ये नवी फाईल लागते आणि ती नुसती कोरी असून भागत नाही. माप १०२४, २०४८ असं दोनच्या घातातलं हवं, कारण गेम इंजिन लांबून दिसणाऱ्या दगडासाठी त्याच टेक्स्चरच्या निम्म्या-निम्म्या मापाच्या प्रती करत जातं आणि त्या मापात भागाकार एक पिक्सेलपर्यंत सरळ उतरतो. रंगाची फाईल वेगळी, नॉर्मल मॅपची, म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा रंगांच्या आकड्यांत सांगणारी, वेगळी. नॉर्मलच्या तळाशी लाल १२८, हिरवा १२८, निळा २५५ असा जांभळट निळा भरलेला हवा. इंजिनच्या लेखी त्याचा अर्थ ‘इथं पृष्ठभाग सपाट आहे’. त्या फाईलला कलर प्रोफाईल (रंगाचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) नको, कारण तिथले आकडे दिशा सांगतात. प्रोफाईल बदलताना ते सरकले तर उजेड चुकीच्या बाजूनं पडतो. शिवाय लेयरचे गट, पारदर्शकतेसाठी अल्फा चॅनेल, आणि चित्राचा कुठला भाग वस्तूवर कुठं बसतो ते दाखवणारा यूव्हीचा नकाशा सगळ्यात वर कुलूप लावून.

हे सगळं दर दगडाला हातानं करायचं म्हणजे चित्रकाराचा ताजा वेळ कारकुनीत घालवणं. म्हणून ऑफिसात आधीपासून एक जावास्क्रिप्टची स्क्रिप्ट फिरत होती. मेनूतून चालवायची, नाव टाकायचं, फाईल तयार. कुणी लिहिली होती ते कुणालाच आठवत नव्हतं, पण सगळ्यांच्या मशीनवर बिनतक्रार चालायची.

त्या दिवशी नवा पोरगा स्वतःचा लॅपटॉप घेऊन कामाला बसला. हात फार चांगला. आधी भावाच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा आणि कोल्हापुरात फ्लेक्सवाल्याला उसंत कुठली! वाढदिवस, निवड, जत्रा, काही ना काही चालूच. त्यानं स्क्रिप्ट चालवली आणि थोड्या वेळानं हाक आली.

“ताई, ह्ये अडकलंय की ओ.”

पंखा घुंई करत होता, कर्सर गरगरत होता. फोटोशॉप बंद करून परत चालवली, तेच. शेवटी स्क्रॅच डिस्क, म्हणजे फोटोशॉप कामापुरती वापरतं ती डिस्कवरची जागा, भरल्याचा निरोप आला. बाकीचे म्हणाले, लॅपटॉप जुना आहे, रॅम वाढव. मला ते पटेना. हाच पोरगा त्याच लॅपटॉपवर मोठमोठे फ्लेक्स करत होता.

मी स्क्रिप्ट उघडली. फाईल बनवण्याच्या ओळीत रुंदी २०४८, उंची २०४८, रिझोल्यूशन ७२. पुढं एकक काहीच नाही. मग त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘युनिट्स अँड रूलर्स’ बघितलं: इंच. तिथंच उलगडा झाला. स्क्रिप्टमध्ये नुसता आकडा दिला की फोटोशॉप तो पट्टीच्या (रूलरच्या) चालू एककात मोजतं. आमच्या सगळ्यांची पट्टी पिक्सेलवर, म्हणून कधी काही बिघडलं नाही. त्याच्याकडं मात्र २०४८ इंचांचा दगड मागितला जात होता. गुणिले ७२, म्हणजे एका बाजूला १,४७,४५६ पिक्सेल. फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाईलची मर्यादा एका बाजूला ३०,००० पिक्सेलची आहे. फुटांत सांगायचं तर त्या दगडाची बाजू १७० फुटांहून लांब! ऐकून पोरगा म्हणाला, “एवढा फ्लेक्स आमच्या गल्लीत पण नाही लागला ताई.”

सोपा उपाय म्हणजे त्याची पट्टी पिक्सेलवर करून टाकायची. एकजण ते करायला वाकलाही. मी थांबवलं. रात्री तो त्याच लॅपटॉपवर भावाचं काम करतो. दहा बाय आठ फुटांच्या बॅनरला १२० बाय ९६ टाकेल आणि हातात येईल नखाएवढी पिक्सेलची चिंधी. दुसऱ्याच्या मशीनवरची मांडामांड आपल्या सोयीनं मोडायचा हक्क स्क्रिप्टला नाही, असं मी अगदी मनापासून मानते.

मग ती ओळ मुळातूनच नीट केली. स्क्रिप्ट सुरू होताना चालू एकक एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेवते, पट्टी पिक्सेलवर नेते, फाईल बनवते आणि जाताना जुनं एकक परत बसवते. परत बसवण्याची ओळ ‘फायनली’ या शेवटी हमखास चालणाऱ्या भागात घातली, म्हणजे मधेच काही फाटलं तरी ती चालतेच. हात घातलाच होता म्हणून मापाची यादीही दिली, कुणाला आकडा टाईप करायलाच नको. नॉर्मलचा सपाट रंग भरणं, प्रोफाईल काढणं, गटांची नावं लावणं, सगळं त्यातच. आणि प्रत्येक फाईलवरचं काम एका हिस्टरी पायरीत बसवलं, म्हणजे त्या फाईलवरचं सगळं एकदाच ‘अनडू’ केलं की मागं जातं.

त्याच्या लॅपटॉपवर लावली. एंटर दाबेपर्यंत दोन्ही फाईली समोर. त्यानं लगेच पट्टीकडं बघितलं, ती अजून इंचातच होती. ब्रश घेऊन पायरीच्या कडेला झीज रंगवायला लागला. दुपारपर्यंत दगडाची एक बाजू उभी राहिली, तळाशी पाण्याची रेघ अगदी बघून काढल्यासारखी.

चहाच्या वेळी म्हणाला, “ताई, फुटात माप टाकलं की फ्लेक्सची फाईल तयार, असलं एक करता येईल काय?” येतं की. फुटाला १२ नं गुणायचं, पट्टी इंचावर, कडेला कापायची जागा सोडायची. या वेळी ओळी त्यालाच लिहायला लावल्या. मी फक्त शेजारी बसले.